बाबांची गेटवरची ड्यूटी

वसुंधरा, गाझियाबाद
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

प्रिय मृणाल,

आईचा सलाम आणि दोन्ही गालांवर पापा. पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तुझी मुनिरकातली खोली इथून तासाभरावर आणि मी पत्र पाठवतेय, म्हणजे आईचं डोकं फिरलं असं तुला वाटेल. पण फोनवर तू "हां आई, बिल्कुल, ठीक आहे" एवढ्यात मला गुंडाळतेस, आणि आज मला लांबलचक बोलायचंय. तुझा थिसिस कुठवर आला? केस गळतायत म्हणाली होतीस, तेल लावतेस का? बरं, राहू दे ते. चहा घेऊन बस.

आधी बाबांची गंमत सांगते. जानेवारीत आपल्या मराठी मंडळीच्या उपासनेत पाळकसाहेबांनी देवाच्या राज्यावर संदेश दिला. समोर निम्मे लोक सरकारी नोकरीतले, म्हणून ते म्हणाले की देवाचं राज्य म्हणजे रिटायर झाल्यावर सुरू होणारं पेन्शन नव्हे, ते आज, इथे, आपल्या जेवणाच्या टेबलापासून सुरू करायचं असतं. जे तुम्हाला परत बोलावू शकणार नाहीत त्यांना जेवायला बोलवा, म्हणाले. झालं. बाबांच्या डोक्यात भुंगा शिरला. घरी आल्या आल्या त्यांनी फाइल उघडली. खरीखुरी, दोरीवाली. चौतीस वर्षं केंद्र सरकारात काढलेला माणूस, तो देवाचं राज्यसुद्धा फाइलवरच आणणार.

सोसायटीचे गार्ड, सफाईवाले, माळी आणि कामवाल्या बायका मिळून बावीस जणांची यादी झाली. गेटवर हिंदीत नोटीस लागली: रविवार, ठीक एक बजे, आमचा फ्लॅट नंबर, सादर आमंत्रण. खाली तारखेसह सही. विनय आठवतो ना, पुण्याचा, नोएडात आयटीत आहे आणि मंडळीत पेटी वाजवतो? त्यानं आणि मी सकाळपासून खपून मटण, पुऱ्या आणि शाकाहाऱ्यांसाठी भरली वांगी केली. एक वाजला, सव्वा वाजला, कुणाचा पत्ता नाही. मला वाटलं, धर्म बदलायला लावतील असा कुणी संशय घेतला की काय. बाबा मांडलेल्या ताटांकडे बघत बसले होते. शेवटी चपला घालून गेटवर गेले. तिथे अवधेश, तो मिशीवाला गार्ड, हात जोडून म्हणाला, "साहब, हम सब खाने आएँगे तो गेट कौन देखेगा?"

जन्मभर दुसऱ्यांच्या ड्यूटीचे तक्ते बनवले या माणसानं. पण जेवायला बोलावलेली माणसं दुपारी एक वाजता कामावर असतात, हे काही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मग काय करावं त्यांनी? अवधेशची टोपी मागून घेतली, शिट्टी गळ्यात अडकवली आणि स्वतः गेटवर उभे राहिले. मागच्या गेटवर विनयला पाठवलं, आणि बाकी सगळ्यांना आपल्याकडे जेवायला. दहाच मिनिटांत सोसायटीच्या सेक्रेटरींची गाडी आली. नवी कोरी, स्टिकर नाही. बाबांनी अडवली आणि रजिस्टर पुढे केलं: नाव, फ्लॅट, येण्याचं कारण. सेक्रेटरी म्हणाले, अहो मी इथेच राहतो. बाबा म्हणाले, मग कारणाच्या रकान्यात तसं लिहा. आणि त्यांनी लिहिलं गं. दोन तासांनी बाबा नाक लाल करून, पोटऱ्या चोळत घरी आले आणि म्हणाले, ही पोरं बारा तास उभी कशी राहतात? आपल्या बाल्कनीतली वेताची खुर्ची आता गेटवर असते. दर रविवारी एक ते तीन गेट सांभाळायचं त्यांनी परस्पर जाहीरही करून टाकलंय.

इथवर लिहून मी तीनदा पेन खाली ठेवलं. आता खरं सांगायचंय ते लिहिते.

कौशल्याही आली होती. आठ वर्षं आपल्याकडे भांडी घासतेय, पण त्या दिवशी नवी साडी नेसून, पाहुणी म्हणून. सगळे टेबलाभोवती आणि सोफ्यावर बसले. मी पुऱ्या आणायला किचनमध्ये गेले, तर ही सिंकखालच्या कप्प्यातून तिचं वेगळं ताट काढून खाली फरशीवर बसलेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती, आठ वर्षांत मीच तिला ते शिकवून ठेवलं होतं.

मृणाल, त्या नाताळला तू कौशल्याला पाहुण्यांबरोबर टेबलाशी बसवलंस, आणि बाबा म्हणाले की ती नंतर किचनमध्ये जेवेल. तू भरल्या ताटावरून उठलीस. म्हणालीस, "बाबा, तुम्ही रोज देवाचं राज्य मागता, आणि ते दारात आलं की त्याला किचनमध्ये बसवता." चौदा महिने झाले. तू घरी आली नाहीस, त्यांच्याशी बोलली नाहीस. पण ते म्हणणं त्यांचं नव्हतंच. मी त्यांना आत बोलावून सांगितलं होतं, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, तुम्हीच सांगा, मला जमणार नाही. ते ताट माझं. तो वेगळा कपही माझा. आणि मी चौदा महिने गप्प राहिले, कारण तू मला फोन करत होतीस आणि ते सुख मला सोडवत नव्हतं.

माझ्या आजोबांना गावात ओंजळीत वरून पाणी ओतायचे. मिशनच्या शाळेत मास्तरांनी पहिल्यांदा त्यांच्या हातात पेला दिला तेव्हा ते रडले होते, हे मी तुला लहानपणी किती अभिमानानं सांगायची. आणि त्यांच्या नातीनं दिल्लीकडे येऊन हे करावं. मला लाज वाटते गं. फार लाज वाटते.

त्या रविवारी मी माझं ताट वाढून घेतलं आणि कौशल्याच्या शेजारी फरशीवर बसले. ती घाबरून उठा उठा म्हणायला लागली. मी म्हटलं, तू उठशील तर मी उठेन. पण माझे गुडघे तर तुला माहीतच आहेत, मृणाल. शेवटी तिनंच मला दोन्ही हातांनी ओढून उभं केलं, आणि त्या ओढाओढीत आम्ही दोघी इतक्या हसलो की अवधेश जेवता जेवता डोकावून गेला. मग बाहेर टेबलाशी जाऊन बसलो. तिथे मी तिची माफी मागितली आणि त्या नाताळचं सगळं सांगितलं. ती वांग्याचा घास मोडत म्हणाली, "मालूम है, दीदी. साहब को तो आज तक नहीं पता कि वो थाली रखी कहाँ है." मला वाटलं होतं, पुढे 'कोई बात नहीं' म्हणेल. ती तसं म्हणाली नाही, आणि तेच बरोबर होतं.

काल चहाच्या वेळी मी बाबांना विचारलं, तुम्ही पोरीला खरं का नाही सांगितलंत. म्हणाले, "माझ्यावर रागावली तर तिला आई तरी उरते. दोघांवर रागावली असती तर कुठे गेली असती?" वर असंही म्हणाले की बोललो तर मीच ना, तोंड तर माझंच होतं. आणि बिस्कीट बुडवून खायला लागले.

तेव्हा आता तू मला फोन केला नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. करेन, पण मनातल्या मनात. बाबांना मात्र फोन कर. मी पत्र लिहिलंय हे त्यांना ठाऊक नाही. रविवारी ते गेटवर असतील. त्या शिट्टीच्या नादात रिंग ऐकू येत नाही त्यांना, म्हणून एकदा नाही उचलला तर परत कर.

तुझ्या रागाची खरी धनी,
आई