हर्णैचे डॉल्फिन

कळंब, ता. इंदापूर

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

आईला डॉल्फिन दाखवून आणले. तू जहाजावरून देवमाशाचा व्हिडिओ पाठवल्यापासून तिने धोसराच लावला होता, पोरगं बघतंय ते मलाही बघायचंय म्हणून. शेवटी लोणी देवकरच्या कारखान्यातून दोन दिवस सुट्टी काढली आणि गाडी करून दापोली गाठली.

हर्णैला सकाळी सातला होडीत बसलो. आईने पिशवीतून पावशेर फरसाण काढलं. उजनीच्या पाण्यावर पक्ष्यांना टाकतात, तसं डॉल्फिनलाही टाकायचं असतं, असा तिचा समज. होडीवाला हसला, मीही हसले. ते खात नाहीत म्हणून सांगितलं, तर म्हणाली, पाहुण्याच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये.

मग डावीकडे चार डॉल्फिन वर आले, अगदी होडीला लागून. सगळे ओरडायला लागले. आई मात्र उजवीकडे तोंड करून रिकाम्या पाण्यात फरसाण टाकत होती, आणि किती छान, किती छान म्हणत होती. मी हनुवटी धरून तिचं तोंड वळवलं. डॉल्फिन समोर होते आणि तिची नजर त्यांच्यावरून तशीच पुढे गेली.

घरी ती सगळं कानांनी ओळखते रे. कुकर, फाटक, माझी स्कूटी. होडीच्या इंजिनापुढे तिच्या कानांचं काही चाललं नाही. चहात दोनदा मीठ पडलं, तेव्हा म्हातारी झालीस म्हणून मी तिला चिडवलं होतं. मला माझीच लाज वाटते.

बारामतीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही. उजवा डोळा गेलाच आहे. डाव्यात थोडं उरलंय, औषध घालूनही ते किती टिकेल सांगता येत नाही म्हणाले. दवाखान्याच्या पायरीवर तिने माझा हात घट्ट धरला. "अनुपला सांगू नगंस. नोकरी सोडून यील त्यो. बाबासाहेबांची शपथ हाय तुला."

फोनवर बोलले तर ती ऐकणार, म्हणून लिहिते आहे. परवा तू करार आणखी सहा महिने वाढवतो म्हणालास आणि ती लगेच 'वाढव की' म्हणाली. वाढवू नकोस. शपथ मोडल्याचं मी बघून घेईन. व्हिडिओ कॉलवर ती तुला 'वाळलास रं' म्हणते ना, ते नुसतं तुझ्या आवाजावरून. पडद्यावरचा तू तिला कधीचा दिसत नाहीस. तिला थोडं दिसतंय तोवर ये, दादा.

तुझीच,
अंजली