देवीचं वारं आणि दोन गोळ्या

भोर, ४ सप्टेंबर २०२५

ती. रत्नाअक्कास,
सुलक्षणाचा सा. न. वि. वि.

तू पासलीची एस.टी. धरलीस आणि देव्हारा पुसताना तुझ्या गोळ्यांची पिशवी सापडली. विसरलीस की मुद्दाम ठेवलीस? तुझ्याकडं रेंज नाही, म्हणून कंडक्टरबरोबर पिशवी नि पत्र धाडतेय.

ढोल वाजून छातीत फडफडलं की अंगात देवीचं वारं येतं म्हणतेस. मग परवा मेथी निवडताना कुठला ढोल वाजत होता गं? मनगट धरलं, तर नाडी एक ठोका चुकवून पुढचे दोन घाईनं टाकत होती. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी दाखवून सांगितलंच, ठोके असे बेताल पडले की हृदयात रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. एक गोळी ठोके आवरायला, दुसरी रक्त पातळ ठेवायला. दोन्ही रोज घे.

माया आहेच, थोडा धाकही असू दे.
तुझी सुलक्षणा

पासली, १० सप्टेंबर

चि. सौ. सुलक्षणास अनेक आशीर्वाद.

डॉक्टरीणबाई, पिशवी मुद्दामच ठेवली होती. नवरात्र तोंडावर आलंय. ढोल वाजला की देवी माझ्या अंगात येते, गाव कौल विचारतं. गोळीनं छाती गप्प झाली नि देवी आलीच नाही तर? तुझे दाजी म्हणतात, देवी काय डॉक्टरला विचारून येते का! त्यांना सगळी थट्टाच. दसरा झाला की घेईन. रागावू नकोस.

तुझी अक्का

भोर, १४ सप्टेंबर

ती. अक्कास सा. न.

दसऱ्यापर्यंत गुठळी थांबेल का? आपली आई आरती करता करता तोंड वाकडं होऊन पडली. देवीचा कोप म्हणून आपण गप्प बसलो. तिचीही छाती अशीच फडफडायची, आठव. आजच गोळी घे.

तुझ्या निरोपाकडं डोळे लावून,
सुलक्षणा

पासली, २७ सप्टेंबर

चि. सुलक्षणास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी गोळ्या सुरू केल्या. आईचं लिहिलंस, मग काय करणार!

काल देवळात ढोल वाजला. छाती शांत. चंद्राबाई लेकीच्या सोयरिकीचं विचारायला पुढं येऊन बसली होती. तिला सांगितलं, बाई, यंदा वारं नाही, मी गोळी घेते. ती तोंड पाडून उठली. बायका कुजबुजल्या. मला लई रिकामं वाटलं, खोटं कशाला लिहू. रडू आलं.

मग डोळे पुसून वर बघितलं, तर समोर गाभाऱ्यात देवी. हिरवं लुगडं, कपाळभर मळवट. अंगात यायची तेव्हा माझे डोळे मिटलेलेच असायचे गं. ढोल चालू असताना ती मला पहिल्यांदाच दिसली.

जीव लावतेस तशीच लावत राहा.
तुझी अक्का