फ्रिजवर पडलेलं ऊन

६ मार्च २००६, सोमवार
जाळीचा पहिला थर लागला. चौदा विटा, प्रत्येक वेगळ्या कोनात वळवलेली. मी कंपासपेटीतला कोनमापक घेऊन गेलो होतो. मारेक गवंडी हसला. हसू दे.

मीनाक्षीकाकूंचं लंडनच्या इल्फर्डमधलं जुनं घर. मागची भिंत पाडली, तिच्याच विटांची स्वयंपाकघर आणि नवी काचेची खोली यांच्यामध्ये जाळी. वीट जास्त वळवली की फट मोठी, ऊन जास्त. काकूंची अट एकच — सकाळचा चहा उन्हात! म्हणजे ऊन टेबलावर पडायला हवं.

डिझाइन माझ्या बॉसचं, नसरीनचं. कोनांचा तक्ता तिच्या भावाने तेहरानहून पाठवलाय, आकडे फारसी. चार दिवसांत पाठ केले. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडला हे मी तिला सांगितलंय, म्हणून सहा आठवडे ट्रायलवर. मला ठेवायचं की नाही ते वीस तारखेला ठरणार.

८ मार्च, बुधवार
लाज! निघताना नसरीन म्हणाली, चल ना, आमच्याकडेच जेव. ती वॉटफर्डला राहते. मी घरी येऊन शर्ट बदलला, फुलं घेतली, सव्वासातला तिच्या दारात. ती सपाता घालून टोस्ट खात होती! तीन अंडी तळली बिचारीने. मी तिन्ही खाल्ली.

९ मार्च
मारेक तिच्याकडे चार वर्षं आहे. त्याने समजावलं, हे इराणी लोक पहिल्यांदा म्हणतात ते फक्त बोलायची पद्धत. दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हणाले तर खरं. आमच्या पुण्यात "या एकदा घरी" म्हणतात आणि वार सांगत नाहीत, ते मला बरोबर कळतं. इथे कसा फसलो?

नसरीन सगळ्यांशी गोड. फक्त भावावर फोनवरून ओरडते, फारसीत, वीसवीस मिनिटं.

११ मार्च, शनिवार
जाळी पूर्ण. सगळे कोन दोनदा तपासले. एकही चूक नाही!! आठवडाभर ढग आहेत, ऊन कसं पडतं ते अजून बघायचंय.

१४ मार्च, मंगळवार
आठ वाजता ऊन आलं. टेबल अंधारात. फ्रिज झगमगतोय!

काकू कप घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अरे अपूर्व, फ्रिजला मखर केलंस की काय?"

दुपारी तक्ता पुन्हा काढला. फारसी उजवीकडून वाचतात. पहिली वीट उजवीकडची! मी डावीकडून लावत गेलो. आकडे सगळे बरोबर, भिंत सगळी उलटी. चार दिवस आकडे पाठ केले, पण सुरुवात कुठून ते कोणाला विचारलं नाही.

मारेकला सांगितलं. तो म्हणाला, सिमेंट तर पक्कं झालं.

१५ मार्च
नसरीनला सांगून टाकलं. तिने भिंतीकडे पाहिलं, म्हणाली, काही बिघडलं नाही, एवढं काम केलंस, तुझे हात न दुखोत (त्यांच्यात आभार असे मानतात).

हे पहिल्यांदा झालं.

१६ मार्च
पुन्हा म्हणाली, "रिअली, इट्स नथिंग." दोनदा झालं. दिवसभर तिच्या आसपास घोटाळलो, उगाच दोन वेळा सॉरी म्हटलं. तिसऱ्यांदा काही म्हणाली नाही.

१७ मार्च
काही नाही. चहा दिला, बिस्किट दिलं. फार गोड हसली. संपलं बहुतेक.

१९ मार्च, रविवार
झोप नाही. कोनमापक परत कंपासपेटीत ठेवला.

२० मार्च, सोमवार
नसरीनने आज मला झाडलं. काकूंसमोर, मारेकसमोर, पूर्ण वीस मिनिटं. कोनमापक आणतोस आणि विचारायला तोंड नाही? इंग्रजी पुरेना तेव्हा फारसीत सुरू झाली. मग मला आणि मारेकला फ्रिज उचलायला लावला. टेबल उन्हात, फ्रिज अंधारात. काकूंनी तिथेच चहा मांडला.

निघताना म्हणाली, "उद्या आमचं नवं वर्ष. साडेसातला जेवायला. उशीर करू नकोस."

एकदाच म्हणाली.