रकाना कोरा ठेवू नये

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचे. सामानाचा टेम्पो सकाळी दहाला क्वार्टरपुढे थांबला आणि अकरा वाजायच्या आत भिंगरीने तिन्ही खोल्या, मागचं अंगण आणि पाण्याच्या टाकीचा जिना पालथा घातला. पोरगी सहा वर्षांची आहे, पण एका जागी बसेल तर शपथ. उगाच नाही तिला भिंगरी म्हणत. बायकोला स्वयंपाकघर आवडलं, म्हणजे निम्मी लढाई जिंकली. अंगणात आधी राहणाऱ्यांची एक लाकडी खुर्ची राहिली आहे, ती भिंगरीने लगेच आपल्या नावावर करून घेतली. मला आवडली ती खिडकी. तिच्यातून माझं यार्ड दिसतं, जरा चढावर, मोजून चाळीस पावलांवर.

यार्ड म्हणजे कारखान्यामागचं उघडं आवार. यंत्रं धुवायचं द्रावण दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपांत भरून तिथे ठेवतात. वर पत्रा, खाली काँक्रीट आणि चहूबाजूंनी गुडघाभर उंचीचा बांध, म्हणजे पिंप फुटलंच तर माल आत अडावा. कोपऱ्यात पावसाचं पाणी काढायचा व्हॉल्व्ह आहे, तो कायम बंद आणि कुलपात. किल्ली आता माझ्या खिशात. आधीच्या नोकरीत मी पुठ्ठ्याची खोकी सांभाळायचो. खोकी गळत नाहीत, त्यामुळे आता कुठे खरं काम मिळालं असं वाटतंय.

ही डायरी बायकोने दिली. तिचं म्हणणं, माझ्यासारख्या शंकेखोर माणसाने आपल्या शंका कागदाला सांगाव्यात, तिचे कान किटले आहेत. दाराची कडी मी तीनदा बघतो हे खरं आहे. डायरीला एकच नियम घातला आहे: डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही.

मंगळवार, ४ तारीख

आज काम समजून घेतलं. शिकवायला फोर्कलिफ्टवाला होता. त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण फुंकर मारली तर उडून जाईल. छत्तीस पिंपं, लाकडी पॅलेटवर उभी, लेबलं बाहेरच्या अंगाला, मधे माणूस वाकून जाईल एवढी वाट. रोज सकाळी टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसायचं, प्रत्येक पिंपाच्या बुडाशी बघायचं, बूच हाताने चाचपायचं, मोजपट्टी आत सोडून पातळी बघायची आणि मग तपासणीच्या वहीत लिहायचं.

वही उघडली आणि हसावं की रडावं कळेना. माझ्या आधीचा माणूस गेल्या महिन्याच्या अठ्ठावीसला सोडून गेला. वही मात्र या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत भरलेली. फरशी कोरडी, पिंपं ठीक, व्हॉल्व्ह बंद, खाली सही. पैलवान म्हणाला, इथली पद्धतच आहे ती. कोरा रकाना दिसला की वरून मेमो येतो, भरलेल्याला कोणी हिंग लावून विचारत नाही. साहेबांनीही तेच सांगितलं, आणि खाडाखोड करू नका हे वर. असो. दहापर्यंत त्याचं, अकरापासून माझं. मी आधी बघणार, मग लिहिणार.

शनिवार, ८ तारीख

अकरा नंबरचं पिंप गळतंय. बुडाच्या कडेला गंजाची बारीक रेघ, खाली फळीवर तळहाताएवढी ओल, आणि त्याच्या बरोबर खाली काँक्रीटवरच्या लेपाला चीर, नख जाईल एवढी. हे द्रावण पाण्याहून जड. लेप फुटला की ते काँक्रीटमधून सरळ खाली झिरपतं. बांधात थेंब दिसत नाही आणि जमीन पीत राहते.

साहेबांना हाताला धरून आणलं. ते वाकले, टॉर्च मारला, आणि म्हणाले की सगळं कोरडं आहे. ओल त्यांच्या बुटाच्या टोकाशी होती. चष्म्याचा नंबर वाढला असणार. मी फळीवर भुसा टाकून ठेवला.

मंगळवार, ११ तारीख

आजपासून वही माझी. पहिल्याच ओळीत लिहिलं, पिंप अकरा, ओल. गंमत म्हणजे आज साहेबांनाही ती दिसली. दिसली काय, दचकलेच. सोमवारी रिकामं पिंप मागवलं आहे, माल त्यात ओतून चीर बुजवायची.

घरी आलो तर बायको वैतागलेली. अंगणातल्या खुर्चीखाली तिला म्हाताऱ्या बाईच्या चपला आणि एक चष्मा सापडला. मला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं, तिला मात्र आठ दिवसांत एकदाही नाही. इतके दिवस सांगितलं का नाही, म्हणून ती मलाच बोलली.

शुक्रवार, १४ तारीख

उद्या रजा टाकली आहे, परवा रविवार. मेहुणीकडे जाणार, भिंगरी दुपारपासून बूट घालून बसली आहे. दोन रकाने कोरे राहतील म्हणून पैलवानाने वही माझ्या पिशवीतच घातली. बराच वेळ पेन हातात धरून बसलो, मग भरले दोन्ही. एकदा पेन चालू लागलं की थांबत नाही. दोनाचे पाच झाले, पाचाचे दहा, आणि थेट तीस तारखेपर्यंत सगळं भरून टाकलं. फरशी कोरडी, पिंपं ठीक, व्हॉल्व्ह बंद, सही. आल्यावर रोज बघणार तर आहेच, लिहायचं तेवढं उरकलं.

भिंगरी मांडीवर बसून बघत होती. माझं पण लिही म्हणून हटून बसली. शेऱ्याचा रकाना मोकळाच होता. तीसपर्यंत प्रत्येक ओळीत लिहिलं, भिंगरी: ठीक. प्रत्येक ओळीला ती टाळी वाजवत होती.

सोमवार, १७ तारीख

सकाळी आधी अकरा नंबर गाठला. फळी खडखडीत कोरडी. भुसा टाकला होता तसाच, मोकळा. मोजपट्टी गळ्यापर्यंत भिजून वर आली, म्हणजे माल पूर्ण. साहेबांनी येणारं पिंप परत पाठवलं आणि मीही मान डोलावली. थंडीने बाष्प धरलं असेल, मी उगाच साप म्हणून भुई धोपटली.

घरात गोडसर वास येतोय. बायको म्हणते, मला वासाचे भास होतात.

बुधवार, १९ तारीख

बायको आज कौतुकाने म्हणाली की इथलं पाणी गोड आहे, चहाला साखर कमी लागते. मी पेला नाकाशी धरला. तोच वास, पिंपाचं बूच काढल्यावर येतो तो. आमची बोअर यार्डाच्या बांधाखालीच आहे.

हे पाणी कोणी प्यायचं नाही म्हणून सांगितलं आणि कारखान्यातून दोन कॅन आणले. साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे वही उघडून माझ्याच हातचं अक्षर मला दाखवलं.

गुरुवार, २० तारीख

आज अकरा नंबरवर बोटाने टकटक केली. भरलेलं पिंप ठस्स वाजतं. हे घुमलं. मग हात लावला. तीनशे किलोचं पिंप एका हाताने डुललं. आत मोजपट्टी घातली, तर गळ्यापर्यंत ओली दिसते. ती पट्टी पँटला पुसली. पँट कोरडीच.

पैलवानाला बोलावलं. त्याने एका बोटाने पिंप हलवलं आणि भरलेलं आहे म्हणाला. हलवता हलवता म्हणाला.

शनिवार, २२ तारीख

भिंगरी सकाळपासून अंगणातल्या खुर्चीवर बसून आहे. नुसती बसून. दिसते छान, गाल लाल, वेणी घट्ट. खेळायला चल म्हटलं तर हसली, उठली नाही. उचलून घेतलं. वजनच नाही. तोंडाला तोच गोड वास. कॅनची झाकणंही उघडलेली नाहीत, दोघी बोअरचंच पाणी पितात.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, पोर ठीक तर आहे.

रविवार, २३ तारीख

डॉक्टरांकडे नेली. त्यांच्यासमोर तिला दोनदा उलटी झाली. त्यांनी टेबल पुसलं, नाडी बघितली आणि कागदावर लिहिलं, प्रकृती ठीक. मी हात जोडले. त्यांनी पाठीवर थाप मारून धीर दिला, बापाचं काळीज असंच असतं म्हणाले.

सोमवार, २४ तारीख

आता कळतंय. मी वहीत जे लिहून ठेवलं तेच सगळ्यांना दिसतंय, मलासुद्धा. आधीच्या माणसाचं लिहिणं मला फसवू शकलं नाही. माझं मला फसवतंय. पण वास, वजन, आवाज यांचं मी काही लिहिलं नव्हतं. ते अजून खरे आहेत.

आजची ओळ खोडली. ठळक लिहिलं: गळती. भिंगरी आजारी. दुपारी उघडून बघितली, तर ठीक. माझंच अक्षर, माझीच सही, खोडल्याची खूणही नाही.

मंगळवार, २५ तारीख

जुन्या वह्या काढल्या. चौदा महिने. शेऱ्याचा रकाना मी कधी वाचलाच नव्हता. प्रत्येक ओळीत, आई: ठीक. आई: ठीक. शेवटची ओळ चालू वहीत, याच महिन्याची दहा तारीख.

पैलवानाला विचारलं. तो माणूस एकटाच गेला, एक ट्रंक घेऊन. आई होती खरी त्याची, म्हणाला, तुमच्याच अंगणात, त्याच खुर्चीवर बसलेली असायची. ठीक होती. ती कधी गेली — ते मात्र कोणी पाहिलं नाही.

खुर्ची फोडून टाकली.

गुरुवार, २७ तारीख

काल भिंगरीला कडेवर घेऊन निघालो. मोठ्या दवाखान्यात, या गावाबाहेर. गेटपर्यंत आलो. तिने डोळे उघडले, हसली, इतकी छान दिसत होती की — कशाला निघालो होतो तेच आठवेना. परत आलो. घरी तिला खाली ठेवताना तिचा हात माझ्या गळ्यातून आपोआप सुटला. तेव्हा आठवलं.

आज बायको झोपूनच आहे. डोळे उघडे.

शुक्रवार, २८ तारीख

भिंगरीला कडेवर घेऊन डोळे बांधून निघालो, डोळ्यांऐवजी तिच्या वजनावर भरवसा ठेवून. चाळीस पावलं मोजली. बांधाला ठेच लागून पडलो. दवाखान्याच्या रस्त्याला नव्हतोच — यार्डात उभा होतो. सगळी पिंपं घुमतात. छत्तीसच्या छत्तीस. आणि ती माझ्या हातात —

श्वास चालू आहे. मोजला.

रविवार, ३० तारीख

शेवटची ओळ आजची. उद्याची कोरी आहे. उद्या सगळ्यांना दिसेल — साहेबांना, डॉक्टरांना, पैलवानाला. उद्या सकाळी पहिल्या मिनिटाला आरडाओरडा करणार. बायकोला आणि भिंगरीला सांगितलं, एकच दिवस. भिंगरीने मान हलवली असं वाटलं.

उद्या आधी बघणार. मग लिहिणार.

सोमवार, १ तारीख

उजाडलं. पाय खाली ठेवला. फरशी ओली, तोच गोड वास. सगळं घर. आजची ओल नाही ही — पलंगाचे पाय काळे पडलेत, भिंती कमरेपर्यंत फुगल्यात. किती दिवस यातून चालतोय —

डोकं गरगरतंय. खिडकी उघडत नाही. बायको शेजारी. भिंतीकडे तोंड. हलवली. नाही —

भिंगरीला हाक मारली. तिची खोली पाच पावलांवर. दार लोटलेलं. ती नेहमी पहिल्या हाकेला —

दुसरी हाक.

जायला हवं. बघायला हवं. दार ढकललं की दिसेल. आज सगळं खरं दिसेल —

तिसरी —

नको. मला नाही बघवणार. वही यार्डात राहिली. ही डायरी आहे हातात. हिच्यात कधी खोटं — एकदाच. फक्त आजच्यापुरतं. न बघता —

१ तारीख. फरशी कोरडी. बायको ठीक. भिंगरी: ठी