काकडीची बाजू

ता. ३ जून
चि. बेडक्यास,
अनेक आशीर्वाद.
आमच्या सागरी संशोधन केंद्रात धोक्यातल्या सागरी प्राण्यांची यादी चालू आहे. पाकट माशासाठी सगळे हळहळतात. त्याची मादी मोजकीच पिल्लं देते, त्यांना वयात यायला वर्षं लागतात. तळाशी लोळणाऱ्या त्या मऊ जिवाला, समुद्रकाकडीला, मात्र कोणी विचारत नाही. ती लाखो अंडी पाण्यात सोडते, पण जवळ नर नसला की सगळी वाया. पाकट निदान पळतो. ही पडून राहते आणि तुझ्यासारखे तिला हाताने वेचतात. रागावू नकोस.
उथळ पाण्यात काकड्या उरल्या नाहीत म्हणून आणखी खोल उतरतोस, हे तुझ्या पत्रात वाचलं. एवढं माझं ऐक, इतक्या खोल जाऊ नकोस.
तुझी काळजीखोर,
ताई

ता. १९ जून
ती. ताईंना,
सा. न. वि. वि.
आधीच सांगते, हे सुखरूप आहेत. आता बाकीचं वाचा.
मंगळवारी हे फार खोल गेले आणि घाईने वर आले. होडीतच पाय बधिर झाले. दवाखान्यात हवेचा दाब वाढवलेल्या लोखंडी खोलीत पाच तास ठेवलं. मी काचेतून पाहत होते. दुसऱ्या दिवशी पायाचा अंगठा हलला. आज स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत गेले, वर चहा गार म्हणून कुरकुरले. कुरकुर इतकी गोड कधी लागली नव्हती!
लोभ आहेच, तो वाढू द्या.
तुमची भावजय

ता. २ ऑगस्ट
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
खोल बुडी कायमची बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. गुडघाभर पाण्याला परवानगी आहे.
त्या दिवशीच्या काकड्या विकायला माझ्या होडीवरच्या जोडीदाराचं मन धजेना. त्याने त्या किनाऱ्याजवळ जाळीच्या कुंपणात सोडल्या होत्या. परवा मी तिथे गेलो. जाळ्यातला पाकट आपल्याकडे बघतो, म्हणून त्याला मी जपून सोडवतो. काकडीला बघायला डोळेच नाहीत. वीस वर्षं मी तिला दगडासारखी उचलली. या वेळी पहिल्यांदाच शेजारी बसून राहिलो. त्या वाळू खात होत्या, संथपणे. जवळ नर नसला की अंडी वाया जातात, हे तुझं म्हणणं जोडीदाराला सांगितलं. तो हसला, मला म्हातारा म्हणाला आणि होडी घेऊन गेला.
काल संध्याकाळी परतला तो थेट कुंपणाशी. त्याने आपली टोपली कुंपणातल्या पाण्यात उपडी केली. तेरा काकड्या होत्या.
माया अशीच राहू दे.
तुझा,
बेडक्या