लिंबावरून टायर पारखण्याची माझी पद्धत

३ एप्रिल २०२५
गाडीला चार नवे टायर घ्यायचे. निर्णय पक्का. अस्मिताला सातवा लागलाय. आठव्यात प्रवास नको, म्हणून महिनाअखेरीच्या आत तिला उमरग्याहून माहेरी आणायचं. पहिलं बाळंतपण तुळजापुरात, माझ्या घरी. जावई उत्कर्ष फोनवर म्हणाला, मीच आणून सोडतो. नाही म्हणालो. लेकीला आणायला बापाचीच गाडी जाते.

५ एप्रिल
टायर घेताना बजेट आणि ड्रायव्हिंग हॅबिट, दोन्ही बघावं लागतं. मोबाईलवर तसे व्हिडिओ पाहिले. माझी हॅबिट: सावकाश, शांत. बजेट: ठरवू. शामला म्हणाली, सावकाश कसले, तामलवाडीच्या स्पीडब्रेकरवर माझं डोकं टपाला आपटलं होतं. बायकोला जुनं उगाळायची सवयच आहे.

९ एप्रिल
नळदुर्गला टायरच्या दुकानात जाऊन आलो. मालक बब्रुवान विचारतो, महाराज, हायवेला जास्त चालवता का गावात? ऊन लई हाय, स्वस्तातलं घेऊ नगा. विकणारा असंच बोलणार. विचार करून सांगतो म्हणालो.

१२ एप्रिल
शामलानं जुन्या टायरच्या भेगेत नख घालून दाखवलं. मी म्हणालो, टाचेला भेगा पडल्या म्हणून कुणी पाय बदलत नाही. ती आत निघून गेली. पटलं असावं.

१५ एप्रिल
मोठा शोध! देवीच्या दारात नव्या गाड्यांची पूजा करण्यात आयुष्य गेलं. चाकांखाली लिंबं मीच ठेवतो. इतके टायर इतक्या जवळून कंपनीच्या इंजिनिअरनंही पाहिले नसतील. आज एका कोऱ्या गाडीखाली लिंबू ठेवलं, ते खाचेत शिरून नुसतं दबलं. घरी येऊन आपल्या गाडीखाली ठेवलं. एका दाबात चटणी! म्हणजे रबर कडक. कडक म्हणजे मजबूत. टायर बदलायची गरजच नाही.

१९ एप्रिल
टायरच्या पैशातून सीट कव्हर घेतली. मऊ. गरोदर बाईला मऊच हवं. अस्मिताचा फोन. अप्पा, टायर बदलले ना? सगळं चेक केलंय, म्हणालो. हे काही खोटं नाही.

२५ एप्रिल
उद्या जायचं. उत्कर्षचं म्हणणं, उन्हाच्या आत, सकाळी लवकरच निघा तिथून. त्याला पंचांगातलं काय कळतं? मुहूर्त बाराचा आहे.

२७ एप्रिल, सोलापूर
हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून लिहितोय. काल येताना नळदुर्गच्या अलीकडं मागचा टायर फुटला. गाडी दुभाजकावर गेली. मला खरचटलं. शामलाचा हात मोडला. अस्मिताच्या पोटाला मार बसला. संध्याकाळी सिझर झालं. मुलगा आहे. किलोभरसुद्धा नाही, काचेच्या पेटीत ठेवलाय.
रस्त्यात खिळा असणार. हायवेवाले साफसफाई करत नाहीत.
उत्कर्ष आला. माझ्यासमोरून सरळ आत गेला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

४ मे
बाळ पेटीतच आहे. छाती चिमणीसारखी उडते. काचेला हात लावू का, विचारलं. नर्स नको म्हणाली. अस्मितानं तोंड भिंतीकडं केलं. थकली असेल.
तक्रार अर्ज करायचा, त्या खिळ्याबद्दल.

६ मे
अर्ज राहिला. गॅरेजवाल्यानं फाटलेला टायर दाखवला. खिळा सापडला नाही म्हणतो. नीट शोधला नसेल.

१२ जून
बाळ घरी गेलं. उमरग्याला. अस्मिताही तिकडंच. गाडी दुरुस्त होऊन आली. बजेट न बघता चारही टायर नवे, सगळ्यात भारी टाकले. लिंबंसुद्धा ठेवली नाहीत.

१९ जून
अस्मिताला फोन केला. म्हणालो, टायर नवे आहेत, आता आठ दिवस माहेरी ये, बारसं इथंच करू. मागं बाळ रडत होतं, आवाज बारीक. मग म्हणाली, बारसं रविवारी आहे, इथंच. आईला एसटीनं पाठवा, अप्पा.
तुम्हीही या, असं म्हणाली नाही. गडबडीत राहिलं असेल.

२१ जून, सकाळ
शामला निघाली. एक हात अजून गळ्यात, दुसऱ्या हातात बाळाच्या कुंचीची पिशवी. स्टँडपर्यंत सोडतो, म्हणून मी गाडी दारात लावली, मागचं दार उघडलं. तिनं आधी टायरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाली, जाते मी चालत. अन् गेली.
फार लागलं मनाला. बराच वेळ दार तसंच उघडं धरून उभा होतो.