आधी बेंच, मग बॉल

२ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. मोठे कोच रोजनिशी लिहितात म्हणे. मी अजून मोठा नाही, पण सीझन संपेपर्यंत होणारच नाही असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

प्राचार्यांनी आज केबिनमध्ये बोलावलं आणि कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉल टीम माझ्या हाती दिली. इतकी वर्षं शाळेत कवायत घेऊन घसा बसवला, त्याचं चीज झालं. अट एकच. लीगच्या पहिल्या फेरीत निदान एक मॅच जिंकायची, नाहीतर ते बाहेरचा कोच आणणार. एक मॅच म्हणे. मला हसू आलं. प्राचार्य हसत नव्हते म्हणून आवरलं.

मुख्य आनंद वेगळाच आहे. माझी लेक याच टीमची कॅप्टन. तिचं शेवटचं वर्ष. बाप-लेक एका टीममध्ये, असा योग किती जणांच्या वाट्याला येतो? घरी सांगितलं तर बायको म्हणाली, तिला विचारलंत का आधी? यात विचारायचं काय. लेक जेवत होती. म्हणाली, बरं. आनंद झाला की ती लहानपणापासून अशीच एका शब्दात बोलते.

९ सप्टेंबर

या टीमचा रोग मी पहिल्याच आठवड्यात ओळखला. मुली मनाला येईल तशा खेळतात. एकीला विचारलं, पास तिकडे का दिलास? म्हणाली, सर, ती मोकळी दिसली म्हणून. दिसली म्हणून! उद्या फाटक उघडं दिसलं म्हणून कोणाच्याही घरात शिराल.

यापुढे कोर्टवर एकच डोकं चालेल आणि ते बेंचवर बसलेलं असेल. तीन रुमाल आणले. पांढरा दाखवला की बॉल आत, शिडीकडे. शिडी म्हणजे आमची सगळ्यांत उंच मुलगी. नाव मैत्रिणींनी पाडलंय. निळा दाखवला की खेळ सावकाश. चौकड्यांचा दाखवला की समोरच्यांच्या अंगावर धावून जायचं. रुमाल पाहिल्याशिवाय कोणी काही करायचं नाही. कोर्टच्या भिंतीवर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: आधी बेंच, मग बॉल.

लेकीने हात वर केला. म्हणाली, सर, आम्ही बेंचकडे बघत असताना कोणी बॉल काढून घेतला तर? कोर्टवर मला सर म्हणायची शिस्त तिने स्वतःहूनच लावून घेतली आहे. ऊर भरून आला. त्या नादात उत्तर द्यायचं राहून गेलं.

संकल्प: उद्यापासून मुलींबरोबर आपणही धावायचं.

१० सप्टेंबर

गुडघा. तसंही कोचचं काम धावायचं नसून धाववायचं असतं.

२४ सप्टेंबर

पहिली मॅच. हरलो.

पण कसे हरलो हे पाहायला डोळे लागतात. आम्ही पद्धतशीर हरलो. प्रत्येक चालीला पाचही मुलींच्या माना एकदम बेंचकडे वळत होत्या, इतकी एकजूट मी शाळेच्या कवायतीतही पाहिली नव्हती. त्या वेळात समोरच्या मुली बॉल घेऊन पसार होत होत्या, हा वेगळा विषय.

बायकोचा भाऊ मॅच बघायला आला होता. त्याला कोणी बोलावलं होतं कोण जाणे. म्हणाला, भाऊजी, तुमच्या पोरी बास्केटबॉल खेळतायत की टेनिस बघतायत? सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात. याने आयुष्यात कॅरमचा एक डाव जिंकलेला मला आठवत नाही. पण लोकांना टोमणे मारायला डिग्री लागत नाही.

निदान: पद्धतीत दोष नाही. माना वळायला वेळ लागतो. उद्यापासून मानेचे व्यायाम.

१ ऑक्टोबर

मानेच्या व्यायामात चांगली प्रगती. दोघींच्या माना आखडल्या. शिडीची मान एकाच बाजूला वळते, पण सुदैवाने ती बेंचची बाजू आहे.

बास्केटचा सराव थोडा मागे पडलाय. एका वेळी एकच गोष्ट.

८ ऑक्टोबर

दुसरी मॅच. हरलो. कारण हवामान.

गेले तीन-चार दिवस मला सर्दी आहे. माणूस नाक कशाने पुसतो? रुमालाने. खिशात वर कुठला होता? पांढरा. मी नाक पुसलं की बॉल शिडीकडे. मी शिंकलो की बॉल शिडीकडे. थोड्या वेळाने समोरच्या तिघी तिला घेराव घालून उभ्या, तरी बॉल शिडीकडेच. एकदा ती खाली बसून बुटाची नाडी बांधत होती, तेव्हा बॉल तिच्या डोक्यावर बसला.

मी याची दुसरी बाजू पाहतो. पोरींनी कोचच्या शिंकेचासुद्धा मान राखला. अशी दुसरी टीम दाखवा मला.

मध्यंतरात लेक पाणी पिता पिता म्हणाली, सर, तुम्ही नाक पुसताय की पास मागताय, एवढं तरी सांगत जा. बाकीच्या हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. हरताना हसणारी टीम मी पहिल्यांदा पाहिली. त्या हसत होत्या आणि ती हसत नव्हती, हेही पाहिलं.

संकल्प: नाकासाठी वेगळा टॉवेल.

११ ऑक्टोबर

घरी पाहुणे. बायको त्यांना तिसऱ्यांदा वाढायला निघाली, म्हणून मी हळूच निळा रुमाल दाखवला. तिने बघून न बघितल्यासारखं केलं. पाहुणे गेल्यावर मात्र तोंडाचा पट्टा सुटला. देवाने बोलायला तोंड दिलंय ना, मग घरात ही फडकी कसली नाचवताय? आणि वर म्हणाली, पोरगी हल्ली जेवताना एक शब्द बोलत नाही, तुमच्या लक्षात तरी आलंय का?

आलंय. कॅप्टन लोक मोजकंच बोलतात. हे बायकोला समजावण्यात अर्थ नाही. तिला खेळातलं काही कळत नाही.

१६ ऑक्टोबर

तिसरी मॅच. हरलो.

समोरचा कोच नीच माणूस आहे. आमचे रुमाल कागदावर उतरवून आला होता. मी पांढरा काढतोय तोवर तो आपल्या पोरींना ओरडून सांगायचा, आत देतायत, आत. आमच्या पोरींना कळायच्या आधी त्याच्या पोरींना कळत होतं.

एका परीने हा माझाच गौरव. हरणाऱ्यांची नक्कल कोणी करत नाही. तरीही खबरदारी म्हणून मध्यंतरात रुमालांचे अर्थ बदलले. पांढरा म्हणजे सावकाश, निळा म्हणजे धावून जा, चौकड्यांचा म्हणजे शिडी. त्यानंतर तिघी नव्या अर्थाने खेळल्या आणि दोघी जुन्या. निकाल लिहीत नाही, पेपरवाले छापतीलच.

संध्याकाळी प्राचार्यांचा फोन आला. पुढची मॅच या फेरीतली शेवटची आहे, याची आठवण करून दिली. जणू मी विसरलो होतो. बाहेरच्या कोचशी बोलणं चाललंय म्हणे. मी त्या माणसाला ओळखतो. पोरांच्या गळ्यात हात टाकून फिरतो, त्यांच्याबरोबर गाणी ऐकतो. असल्याला कोच म्हणायचं तर कँटीनवाल्यालाही म्हणा.

बायकोला सांगितलं, काही काळजी करू नकोस, टीम रुळावर येतेय. ती म्हणाली, मी टीमची काळजी करत नाही.

२० ऑक्टोबर

आज सरावाला लवकर पोचलो. मुली माझ्याही आधी आल्या होत्या आणि खेळत होत्या. मी फाटकाशी थांबलो.

कोणाचं बेंचकडे लक्ष नाही. बॉल एका हातात टिकत नव्हता, इकडून तिकडे, तिकडून आत, लगेच बास्केट. शिडी धावता धावता गात होती. आणि माझी लेक ओरडत होती. घे, सोड, मागे बघ, अगं शाबास. हा आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. लहान असताना तिला खांद्यावर घेऊन रिंगपाशी न्यायचो, तेव्हा ती असंच ओरडायची. टॉवेल काढून नाक पुसलं. सर्दी पूर्ण गेलेली नाही.

मी दिसलो आणि सगळ्या गप्प. रांगेत उभ्या राहिल्या. बॉल घरंगळत जाऊन भिंतीला टेकला.

काहीतरी चांगलं बोलावं असं फार मनात आलं होतं. पण कौतुकाने पोरं शेफारतात. म्हटलं, हा विस्कळीतपणा मॅचमध्ये चालणार नाही. बास्केट बऱ्याच झाल्या हे मान्य, पण त्यात पद्धत नव्हती. अशा बास्केट टिकत नाहीत.

२२ ऑक्टोबर, दुपार

जिंकलो.

सविस्तर लिहितो.

सुरुवात आमच्या पद्धतीप्रमाणे झाली, म्हणजे आम्ही पिछाडीवर पडलो. मी उभा राहून चौकड्यांचा रुमाल जोरात हलवत होतो. त्या भरात कोचसाठी आखलेल्या रेषेबाहेर पाय गेला. पंचाने शिट्टी मारून ताकीद दिली आणि फाउल लावला. मी त्याला रेषा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याने दुसरा फाउल लावला. दोन झाले की कोच हॉलबाहेर, असा नियम आहे. मला माहीत होता, पण तो माझ्यासाठी असेल असं वाटलं नव्हतं. बायकोच्या भावाने टाळ्या वाजवल्या.

मला सामानाच्या खोलीत बसवलं. मॅट, फुटके बॉल, कुबट वास. वर हॉलकडे उघडणारी एक जाळीची खिडकी होती. मॅटची चळत रचून तिच्यावर चढलो. गुडघ्याने कुरकुर केली, पण कोच टीमला वाऱ्यावर सोडत नाही. जाळीतून रुमालाचं टोक बाहेर काढलं. पांढरा दाखवला. मग निळा. मग मिळेल तो.

कोणीही पाहिलं नाही.

लेकीने मात्र एकदा बेंचकडे पाहिलं. सवयीने. तिथे माझी रिकामी खुर्ची होती. तिने क्षणभर खुर्चीकडे पाहिलं, मग शिडीकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वरून स्पष्ट पाहिलं. माझी पोरगी खूश झाली. मग बॉल तिच्या हातून सुटला तो थांबलाच नाही.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. मी मॅटवर उभा होतो. टाळ्या वाजवल्या. बाहेर ऐकू गेल्या नसाव्यात.

विश्लेषण: पद्धत इतकी अंगात मुरली आहे की आता रुमालाचीही गरज उरली नाही. माझा मुद्दा सिद्ध झाला.

२३ ऑक्टोबर

प्राचार्यांनी उठून हात मिळवला. उठून. म्हणाले, तुम्ही हॉलमध्ये नसताना पोरी जिंकल्या, म्हणजे पाया किती पक्का घातला असेल. मीही हेच म्हणणार होतो. पण त्यांच्या तोंडून ऐकताना खुर्चीत नीट बसवेना. पूर्ण वर्षासाठी टीम माझ्याकडे. बाहेरच्या कोचला नको म्हणून कळवलं.

जवळजवळ पळतच घरी आलो. दोघी स्वयंपाकघरात होत्या. लेक आईला मॅच सांगत होती. ओट्यावर बसून, हातवारे करून, शिडीची नक्कल करून. बायको हसून हसून डोळे पुसत होती. मी दारात पोचल्यावर लेक ओट्यावरून उतरली.

बातमी सांगितली. पूर्ण वर्ष, म्हटलं. बायकोने माझ्याकडे न बघता लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, अभिनंदन बाबा. नीट म्हणाली, मनापासून म्हणायचा प्रयत्न केला तिने. मग हात धुऊन आपल्या खोलीत गेली.

थकली असेल. काल फार धावली.

२५ ऑक्टोबर

लेक आज कॉलेजच्या क्रीडा विभागात आली. घरी भेटतो आम्ही, पण तिथे आली, दारावर टकटक करून. जर्सी टेबलावर ठेवली. धुतलेली, इस्त्री केलेली. म्हणाली, सर, शेवटचं वर्ष आहे, अभ्यासाला वेळ पुरत नाही. टीम सोडते.

मी म्हटलं, अभ्यास महत्त्वाचाच.

ती लगेच गेली नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली. इतके दिवस तिने माझ्या हाताकडे पाहिलं होतं, आज तोंडाकडे बघत होती. एखादं वाक्य पुरलं असतं. जाऊ नकोस म्हणता आलं असतं. माझं चुकलं, हेही म्हणता आलं असतं, ते काही त्याहून मोठं नाही. मी टेबलावरचे कागद सारखे केले. ती गेली.

प्राचार्यांना कळवलं, कॅप्टन अभ्यासामुळे टीम सोडतेय. ते म्हणाले, परीक्षा तर उन्हाळ्यात आहे. म्हटलं, ती पहिल्यापासून तयारीला लागणाऱ्यांतली आहे.

माझ्या पोरीने आजवर परीक्षेच्या आदल्या आठवड्याशिवाय पुस्तक उघडलेलं नाही.